‘माझं वही’ असं मूल का म्हणतं? सोलापूरच्या नव्या शिक्षकांसाठी संशोधनाची वाट

केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणानंतरच्या सत्रात कुणीतरी उठून म्हणतं, “हे तर संशोधनाने सिद्ध झालंय.” मी नवी होते तेव्हा हे वाक्य कानावर पडलं की वही उघडून लिहून घ्यायचे. असंच एकदा लिहून घेतलं होतं की मुलांच्या शिकण्याच्या तीन शैली असतात, कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, आणि ज्याला त्याला त्याच्या शैलीतून शिकवलं की ते भराभर पुढे जातं. अक्कलकोट तालुक्यातल्या माझ्या द्विशिक्षकी शाळेत मी मुलांचे तसे तीन गट पाडले आणि दोन वर्षं नेटाने शिकवलं. पुढे कळलं की हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ सालीच या दाव्यामागचा पुरावा तपासला होता. शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नव्हता. ज्या लेकरांची ती दोन वर्षं मी त्या गटांत घालवली, त्यांची आठवण झाली की मला आजही वाईट वाटतं.

म्हणून शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी हे लिहिते आहे. संशोधन कुठे शोधायचं, कसं वाचायचं, वर्गात कसं आणायचं आणि आपल्या वर्गातून त्यात भर कशी घालायची, हे सगळं इथे क्रमाने आहे. सुरुवातीला लागतं ते इतकंच: फोन, हजेरीपत्रक आणि एक वेगळी वही.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ, पिअर रिव्ह्यू. मराठीत याला तज्ज्ञ परीक्षण म्हणतात. तुम्ही संशोधनाचा निबंध छापायला पाठवलात की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतात. बऱ्याच संशोधन पत्रिकांत (जर्नलमध्ये) लेखकाचं नाव परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षकाचं लेखकाला. परीक्षक विचारतात: हे कशावरून म्हणता? मुलं कशी निवडली? दुसरं काही कारण असू शकतं का? उत्तरं पटली तरच निबंध छापतात. एवढ्याने तो निबंध खरा ठरला असं मात्र नाही. अनोळखी जाणकार माणसांनी त्याला खोदून प्रश्न विचारले होते, इतकी खात्री मिळते. शिक्षण परिषदेतल्या त्या वाक्याला असं कुणी विचारलेलं नसतं.

पहिली पायरी: तक्रारीचा प्रश्न करा

“मुलं वाचनात कच्ची आहेत” ही तक्रार आहे. तिचं उत्तर शोधता येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर दोन आठवडे फक्त कानावर पडेल ते लिहा. माझ्या वर्गातली घरी कन्नड बोलणारी मुलं म्हणायची, “बाई, माझं वही राहिलं.” भाकरीला ‘बाकरी’ म्हणायची आणि तसंच लिहायचीही. मी लाल शाईने गोल करत बसायचे. नंतर लक्षात आलं की या चुकांना शिस्त आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. वही स्त्रीलिंगी, कागद पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी का, हे त्या मुलाला कोण सांगणार? बोली कन्नडमध्ये आणि तेलुगूतही ‘भ’, ‘ध’, ‘ख’ यांतला हकार बहुधा गळतो. मुलाचा कान घरी जसा घडला तसंच ते वाचतं.

हे कळल्यावर तक्रारीचा प्रश्न झाला: घरी कन्नड बोलणारी तिसरीची मुलं मराठी उतारा वाचताना नेमकी कुठे थांबतात, जोडाक्षरावर, हकारावर की अर्थ न कळलेल्या शब्दावर? आणि दुसरा: उतारा वाचण्याआधी तीच गोष्ट कन्नडमध्ये सांगितली तर नंतरच्या प्रश्नांना मुलं जास्त बरोबर उत्तरं देतात का? या प्रश्नांत मुलं कोण ते आहे, काय करणार ते आहे आणि काय मोजणार तेही आहे. तुमच्या प्रश्नात या तीन गोष्टी दिसल्या की पुढे चला.

सोलापूर जिल्ह्यात प्रश्नांना तोटा नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरं, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटला कन्नड, कुठे उर्दू, आणि हंगामात माळशिरस-पंढरपूरकडच्या साखर कारखान्यांच्या तळावर ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली मुलं. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात बसून जे दिसणार नाही ते तुमच्या फळ्यासमोर बसलेलं असतं.

दुसरी पायरी: कुठे शोधायचं

फोनवर गूगल स्कॉलर उघडा. साध्या गूगलपेक्षा ते वेगळं आहे, त्यात अभ्यासपूर्ण लेखनच येतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं ‘एरिक’ हे शिक्षणविषयक लेखनाचं मोठं भांडार आहे, तिथे ‘तज्ज्ञपरीक्षित तेवढंच दाखवा’ आणि ‘पूर्ण लेख उपलब्ध असलेलंच दाखवा’ अशा दोन खुणा करता येतात. दोन्ही करा, अर्धा कचरा बाहेर जातो. आपल्याकडचं हवं असेल तर एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’, ‘जर्नल ऑफ इंडियन एज्युकेशन’ आणि ‘द प्रायमरी टीचर’ यांचे अंक मोफत वाचता येतात. यातलं शेवटचं नव्या शिक्षकाला वाचायला सर्वांत सोपं. भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचं ‘शोधगंगा’ हे भांडार मला फार आवडतं, कारण तिथे मराठीत लिहिलेले प्रबंधही मिळतात आणि त्यांच्या दुसऱ्या प्रकरणात आधीच्या अभ्यासांचा आढावा आयता सापडतो.

शोधशब्द बहुतेक वेळा इंग्रजीच टाकावे लागतात. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक युक्ती सांगते. एक जुळणारा लेख सापडला की त्यातले चार-पाच पारिभाषिक शब्द वहीत उतरवून घ्या आणि पुढचा शोध त्यांनीच घ्या. ‘घरची भाषा’ असं काहीतरी शोधत मी महिना घालवला होता. अभ्यासक त्यासाठी कोणता शब्द वापरतात हे कळल्यावर एका संध्याकाळी वीस लेख सापडले.

पुष्कळ लेखांवर पैशांचं कुलूप असतं. पैसे भरू नका. गूगल स्कॉलरवर लेखाच्या नोंदीखाली दिसणाऱ्या ‘सर्व आवृत्त्या’ या दुव्यावर बऱ्याचदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत मिळते. नाही मिळाली तर लेखकाला दोन ओळींचं ईमेल करा: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, तुमचा लेख वाचायचा आहे. माझा अनुभव असा की लेखक खूश होऊन प्रत पाठवतात. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका खुल्या झाल्या आहेत. शाळा त्यात नाहीत, पण अशा संस्थेत एम.एड. किंवा पीएच.डी. करणारं ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसून वाचता येतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी काय सोय आहे तेही एकदा जाऊन विचारा, मुख्याध्यापकांचं पत्र बरोबर ठेवा.

तिसरी पायरी: निबंध वाचायचा कसा

पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलात तर तिसऱ्या पानावर झोप येईल. आधी सारांश वाचा. मग सरळ पद्धतीच्या भागावर जा आणि मुलं कोण होती ते बघा: वय, भाषा, शाळेचा प्रकार, किती जण. मग तक्ते. मग शेवटी लेखक स्वतःच मर्यादा सांगतात तो भाग. प्रस्तावना सर्वांत शेवटी.

एक खरा निबंध घेऊन बघू. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांवरचा अभ्यास छापला. ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना बालसखी म्हणून नेमलं होतं. मागे राहिलेल्या १५-२० मुलांना वर्गातून बाजूला घेऊन त्या रोज दोन तास वाचन आणि आकडेमोड शिकवायच्या. पुढे यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण आपण नोबेल बाजूला ठेवून प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न, तुलना कशाशी? अभ्यासाची आखणी अशी होती की काही शाळांना बालसखी तिसरीसाठी मिळाली आणि काहींना चौथीसाठी. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. म्हणजे एका शाळेतली बालसखी न मिळालेली तिसरी दुसऱ्या शाळेतल्या मिळालेल्या तिसरीशी ताडून बघता आली, आणि कोणतीच शाळा कोरी राहिली नाही. ही युक्ती वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रश्न, फरक किती पडला? सारांश सांगतो, ०.२८ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप). बी.एड.ला पाठ केलेला शब्द इथे कामाला येतो. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली तर मधलं, पन्नासावं मूल साधारण ३९ व्या जागेपर्यंत पुढे सरकतं, म्हणजे आणखी अकरा जणांना मागे टाकतं. हा चमत्कार नाही, पण लहानही नाही. शिवाय हा फायदा मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला होता.

तिसरा प्रश्न, टिकलं का? उपक्रम थांबल्यावर वर्षभराने ज्यांच्यासाठी तो होता त्या मुलांचा फायदा दिसत होता, पण सुमारे ०.१० वर उतरला होता. लेखकांनी हे लपवलं नाही, सारांशातच लिहिलं. ‘सिद्ध झालंय’ म्हणणारे नेमकं हेच सांगायचं विसरतात. ज्या निबंधात कुठेच काही कमी पडलेलं नाही, तो मी दोनदा तपासते.

चौथा प्रश्न आपला आहे: माझ्या वर्गात हे जसंच्या तसं येईल का? याच कामाचा पुढचा निबंध २०१७ साली आला. पातळीनुसार गट पाडून शिकवण्याची हीच कल्पना वेगवेगळ्या राज्यांत नेली तेव्हा काय झालं याची ती हकिकत आहे. बिहारमध्ये शाळांना नुसतं साहित्य दिलं तेव्हा फरक पडला नाही. हरियाणात शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास ठरवून दिला आणि देखरेख ठेवली तेव्हा मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. आपल्या कपाटातल्या न फोडलेल्या साहित्य पेट्या आठवा, म्हणजे हा निबंध का वाचावा ते कळेल.

चौथी पायरी: वर्गात आणताना

इथे मी थोडक्यात सांगते, कारण हे तुम्हाला टाचण काढता काढता जमतं. एका वेळी एकच बदल करा. किमान सहा आठवडे करा. आणि सुरू करण्याआधीच लिहून ठेवा की काय दिसलं तर हे जमलं म्हणाल आणि काय दिसलं तर सोडून द्याल. नंतर ठरवायला गेलात की मन आपल्या बाजूने कौल देतं.

पाचवी पायरी: स्वतःचा अभ्यास

आपल्या कामातला प्रश्न आपणच पद्धतशीर तपासायचा, याला कृतिसंशोधन म्हणतात. कुर्ट लेविन यांनी १९४६ साली हा शब्द एका निबंधातून पुढे आणला आणि इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या सुमारास ‘शिक्षक हाच संशोधक’ हा विचार जोरकसपणे मांडला. आपल्याकडे बी.एड.च्या फाइलमुळे कृतिसंशोधन बदनाम झालं. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, गुण वाढले, फाइल जमा. गुण वाढणारच होते, हे कुणी सांगितलं नाही.

का वाढणार होते? पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं तुम्ही निवडता. त्या दिवशी त्यांतलं एखादं तापातून उठून आलेलं असतं, एखादी आईबरोबर रात्री उशिरापर्यंत विड्या वळत बसलेली असते, कुणाला प्रश्नच कळलेला नसतो. दीड महिन्याने हीच मुलं पुन्हा बसली की त्यांतली बरीचशी आपोआप थोडी वर येतात, तुम्ही काहीही केलं नसतं तरी. अभ्यासक याला सरासरीकडे सरकणं म्हणतात. त्यात दीड महिन्याचं नेहमीचं शिकवणंही मिसळतं. या सगळ्यातून तुमच्या उपक्रमाचा वाटा वेगळा काढायचा तर तुलना हवीच.

आता बालसखीची युक्ती काढा. केंद्रातल्या शेजारच्या शाळेतला एखादा समविचारी शिक्षक गाठा. तुम्ही तिसरीला उपक्रम करा, त्याने चौथीला करावा. चाचणी मात्र दोघांनीही दोन्ही वर्गांची घ्यायची. तुमची तिसरी त्याच्या तिसरीशी ताडायची, त्याची चौथी तुमच्या चौथीशी. कोणत्या शाळेने कोणता वर्ग घ्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा. दोन शाळा म्हणजे फार लहान नमुना आहे, तो तसा आहे हे निबंधात स्पष्ट लिहायचं. पण एकट्याच्या पूर्वचाचणी-उत्तरचाचणीपेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

वेळ निवडताना सोलापूरचं पंचांग समोर ठेवा. आषाढीला पंढरपूर भागातल्या शाळा वारीत असतात. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की पटावरचं चित्र बदलतं, काही मुलं जातात, काही येतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहरातली हजेरी पातळ होते. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागते, आणि दुपारी साडेतीनला घेतलेली पूर्वचाचणी सकाळी आठच्या उत्तरचाचणीशी ताडणं हे मुळातच चुकीचं, सकाळी मूल ताजं असतं. माझ्या मते आपल्याकडे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत स्थिर. वाचन मोजायला ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ही उतरंड घेता येते. २००५ पासून ती वापरात आहे, म्हणून तुमचे आकडे इतरांना समजतात.

मुलांचं वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दोन शिक्षकांनी वेगवेगळं ऐकून गुण द्या. कोणतं मूल कोणत्या गटातलं हे गुण देणाऱ्याला माहीत नसावं. हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, त्याचं काय झालं ते पुढे सांगते. आणि किती मुलांपासून सुरुवात झाली, किती मध्येच गेली, का गेली, याची नोंद हजेरीपत्रकातून काढून ठेवा. समजा २२ पैकी ६ मुलं टोळीबरोबर निघून गेली आणि तुम्ही उरलेल्या १६ ची सरासरी छापली, तर सर्वांत जास्त अडचणीतली सहा लेकरं तुमच्या निष्कर्षातून पुसली गेली. हे मला आकड्यांच्या चुकीपेक्षा मोठं वाटतं.

नवोपक्रम आणि संशोधन यांतला फरकही इथेच लक्षात घ्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम जगभर गेलं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेतही आपल्या जिल्ह्यातले शिक्षक उतरतात. नवोपक्रमाच्या अहवालात ‘आम्ही हे केलं’ असतं. तज्ज्ञपरीक्षित निबंधात ‘हे केल्याने काय बदललं आणि ते दुसऱ्या कशामुळे बदललं नाही हे कशावरून’ हे असावं लागतं. एकच काम दोन्ही होऊ शकतं, पण तुलनेची सोय पहिल्या दिवशीच करावी लागते, अहवाल लिहिताना नव्हे.

सहावी पायरी: संमती

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, केंद्रप्रमुखांना कळवा. पण खरी परवानगी पालकांची. ती त्यांच्या भाषेत हवी. मराठी छापील कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. मी कन्नडमधून तोंडी समजावते: काय करणार, किती दिवस, मुलाचा आवाज मुद्रित होईल, नाव कुठेही येणार नाही, नको असेल तर मूल कधीही बाजूला होईल आणि त्याच्या शिकवण्यात काही कमी होणार नाही. मग मुलालाही विचारते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. मुलांचे आवाज आणि गुण शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. नावांऐवजी क्रमांक वापरा आणि नावं-क्रमांकांची यादी वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवा. गाव लहान असेल तर गावाचं नावही गाळा, ‘सीमाभागातली एक शाळा’ एवढं पुरे.

सातवी पायरी: लिहिणं

साचा ठरलेला आहे: प्रश्न, आधीचे अभ्यास, पद्धत, काय आढळलं, त्याचा अर्थ, मर्यादा. पद्धत सर्वांत आधी लिहा, ती ताजी असताना. आधी मराठीतच लिहा. इंग्रजीत करायचं असेल तर नंतर इंग्रजीच्या शिक्षकाची मदत घ्या आणि आभारात त्यांचं नाव टाका.

फोनवरच्या एआय सहायकाकडून भाषा तपासून घेण्याला माझी हरकत नाही, मात्र पत्रिकेचा त्याबाबतचा नियम आधी वाचा. पण त्याला संदर्भ मागू नका. तो खऱ्यासारखे दिसणारे, अस्तित्वात नसलेले निबंध रचून देतो. तुमच्या यादीतला प्रत्येक संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे.

लेखकांच्या यादीबद्दल स्पष्ट सांगते: ते मानाचं पान नव्हे. ज्याने आखणी, मोजणी किंवा लेखन केलं तोच लेखक. साहेबांचं नाव आदर म्हणून घालू नका. विद्यापीठातल्या प्राध्यापकांबरोबर काम करत असाल तर नावांचा क्रम सुरुवातीलाच बोलून घ्या, नंतर बोलणं अवघड जातं.

आठवी पायरी: कुठे पाठवायचं

इथे नवे शिक्षक सर्वांत जास्त फसतात, मीही फसले. एका पत्रिकेकडून निरोप आला, चार दिवसांत प्रसिद्धी, सोबत रंगीत प्रमाणपत्र. मी पैसे भरले. परीक्षकांचा एकही शेरा आला नाही, माझ्या तक्त्यातली बेरजेची चूक जशीच्या तशी छापली गेली. तो निबंध आता मी कुणाला दाखवत नाही, आणि छापून झालेलं काम दुसरीकडे पाठवताही येत नाही.

ओळखायचं असं. शेती, संस्कृत, वाणिज्य आणि शिक्षण एकाच अंकात असतील तर थांबा. आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक आहे, तो दर्जाचा दाखला नाही. ‘यूजीसी केअर मान्य’ अशी जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य पत्रिकांची ती यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केली आहे. संपादक मंडळातल्या एका माणसाचं नाव घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर ते खरोखर आहेत का बघा. मागच्या अंकातला एक लेख वाचा, तुम्हाला त्यातून काही शिकायला मिळालं का? मुक्त, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या, पत्रिकांसाठी डीओएजे ही निर्देशिका बघता येते. कोणतीही पत्रिका काही आठवड्यांहून कमी वेळात छापते म्हणाली, तर परीक्षण होत नाही असं समजा.

सुरुवात लहान करावी असं मला वाटतं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या डाएटमध्ये, आधी तोंडी मांडा. ‘जीवन शिक्षण’ मासिकात अनुभव लिहा. हे तज्ज्ञ परीक्षण नव्हे, पण प्रश्न इथेच विचारले जातात आणि निबंध पक्का होतो. विज्ञान-गणिताचं काम असेल तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या परिषदांकडे लक्ष ठेवा. मग परीक्षित पत्रिका. एका वेळी एकाच पत्रिकेला पाठवायचं, हा नियम सगळीकडे आहे.

स्वतःचा अभ्यास लगेच जमणार नसेल तरी भर घालता येते. संशोधक तुमच्या शाळेत माहिती गोळा करायला येतात तेव्हा नुसती खुर्ची देऊ नका. प्रश्नावली आधी मागा, ती आपल्या मुलांना कळेल का ते सांगा, आणि निष्कर्ष आम्हाला परत कळवाल का ते विचारून घ्या.

नववी पायरी: शेरे आले की

काही महिने जातात. मग दोन-तीन पानांचे शेरे येतात. पहिल्यांदा वाचून मी फाइल बंद केली होती. परीक्षकाने विचारलं होतं, गुण देणाऱ्याला मुलाचा गट माहीत होता का? माहीत होता, कारण गुण मीच दिले होते. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की हा प्रश्न मुलांच्या बाजूने होता. ध्वनिमुद्रणं जपून ठेवलेली होती म्हणून शेजारच्या शाळेतल्या सरांनी गट न कळता ती सगळी पुन्हा ऐकली. फरक आधीपेक्षा कमी निघाला, पण उरला. तो कमी झालेला आकडाच मी पाठवला.

उत्तर देताना तीन रकाने करा: शेरा, आपलं उत्तर, निबंधात कुठे बदल केला. न पटलेल्या शेऱ्याला कारण देऊन नाही म्हणता येतं. नकार आला तर शेरे वापरून निबंध सुधारा आणि दुसरीकडे पाठवा.

निबंध छापून आला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचं एक पान घेऊन जा, पालकांच्या भाषेत. मी ते कन्नडमध्ये वाचलं तेव्हा एका आईने विचारलं, “आधीचे गुरुजी म्हणायचे, घरी कन्नड बोलू नका, पोरांचं मराठी बिघडतं. मग आम्ही बोलायचं का नाही?” मी तिला ओडिशातल्या कोंध मुलांवरच्या अजित मोहंतींच्या कामाबद्दल सांगितलं: कुई ही कोंधांची भाषा आणि ओडिया अशा दोन्ही भाषा बोलणारी मुलं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा मागे तर नव्हतीच, भाषेबद्दल विचार करण्याच्या कामांत ती पुढे होती. ती म्हणाली, “ती तिकडची मुलं. आमच्या पोरांचं कुणी बघितलंय का?” मी तिचं वाक्य तिच्यासमोरच वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या जुलैच्या अभ्यासात तिच्या मुलाला घ्यायला तिची संमती मागितली.